शंभराला तीन

३ फेब्रुवारी

खटपट्या,

फोनवर आपण दोघं नीट बोलू शकत नाही, हे काल तिसऱ्यांदा सिद्ध झालं. तू "इथं क्लिक कर, तिथं क्लिक कर" करत पुढे धावतोस, मी मागे राहते, मग तू उसासा टाकतोस आणि तो मला स्पष्ट ऐकू येतो. तेव्हा कॉम्प्युटरबद्दल यापुढे पत्रानंच बोलायचं. पत्रात तू मधे तोंड घालत नाहीस. शिवाय तुझं पत्र टाचणीनं टेबलासमोर लावलं की दोन्ही हात मोकळे ठेवून एकेक ओळ वाचत काम करता येतं.

तर हकीकत अशी. दुकानातला कॉम्प्युटर रोज सकाळी मला धमकी देतो की त्याच्यावरचं विंडोज जुनं झालंय, त्याला आता संरक्षण मिळणार नाही. मी रोज ती चौकट बंद करते. पण गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या छपाईवाल्याच्या सगळ्या फायलींना कुणीतरी इंटरनेटवरून कुलूप लावून टाकलं. त्याचं विंडोज माझ्या विंडोजइतकंच जुनं होतं. त्या दिवसापासून माझी झोप उडाली आहे.

माझ्या कॉम्प्युटरात साडेचारशे गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे नमुने आहेत, म्हणजे कापड कापायच्या आकृत्या. आणि लांबोडा आहे, म्हणजे तो प्लॉटर, नमुने पूर्ण आकारात कागदावर आखून देणारा. सोळा वर्षांचा आहे, पण आजही रेघ केसासारखी मारतो. त्याची कंपनी कधीच बंद पडली. नवीन कॉम्प्युटर घेतला तर तो लांबोड्याला ओळख देणार नाही असं कॉम्प्युटरचा दुकानदार सांगतो. हातानं आखायला मला येतं, पण पाठ आता टेबलावर तासभर वाकू देत नाही. म्हणजे लांबोडा गेला की माझं कापणं गेलं.

वसंतातल्या मैफलीसाठी वाद्यवृंदानं बारा काळे कोट सांगितलेत. त्याआधी याचा निकाल लाव. तू दवाखान्यातले दोनशे कॉम्प्युटर सांभाळतोस, तुला माझा एक जड नाही. फक्त एवढं बघ, की तू निघून गेल्यावर मला ते एकटीला चालवता आलं पाहिजे. "आत्या, मी येऊन करतो" हे उत्तर नको.

आत्या

*

१० फेब्रुवारी

आत्या,

उसासा मी टाकत नाही. दवाखान्याची लिफ्ट आहे, तिचा आवाज येतो.

आता मुद्द्याचं. तुझ्यापुढे तीन रस्ते आहेत. नवीन विंडोज घेतलंस तर तुला जवळपास सगळं ओळखीचं वाटेल, आणि बाजारातली बहुतेक यंत्रं त्याच्याशी बोलतात. पण ते तुझ्या जुन्या कॉम्प्युटरवर बसणार नाही, आणि लांबोड्यासाठी लागणारा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटर आणि प्लॉटर यांच्यातला दुभाषी, फक्त जुन्या विंडोजसाठी बनवलेला आहे. मॅक माझ्या बायकोकडे आहे. घरांचे आराखडे ती त्याच्यावरच काढते आणि वर्षानुवर्षं तिला माझी गरज पडलेली नाही, याचा मला थोडा रागच आहे. पण तुझा नमुन्यांचा प्रोग्राम त्यावर चालत नाही, आणि लांबोड्याचं नाव ऐकून मॅक मान फिरवेल. तिसरं लिनक्स. फुकट आहे, जुन्या कॉम्प्युटरवर हलकं चालतं, सुधारणा वेळच्या वेळी येतात. आणि गंमत म्हणजे लांबोड्याचा दुभाषी तिथं मिळतो. जगात कुठंतरी कुणीतरी हौसेनं लिहून ठेवलाय.

तुला कळेल असं सांगतो. विंडोज म्हणजे तयार शर्ट, मॅक म्हणजे नामांकित शिंप्यानं त्याच्या मनानं शिवलेला सूट, आणि लिनक्स म्हणजे ताग्यातलं कापड आणि कात्री.

लिनक्सचा तोटाही सांगतो. काही अडलं तर शेजारी विचारायला कुणी नसतं. तुझा प्रोग्राम त्यावर थेट चालणार नाही, पण त्याला आपण विंडोजमध्येच आहोत असं भासवणारी एक सोय असते. ती मी लावून देतो. पुढच्या शनिवार-रविवारी येतोय. यावं लागेलच, हे काम पत्रानं होणार नाही.

खटपट्या

*

१ मार्च

खटपट्या,

तू गेल्याला आठवडा झाला आणि कॉम्प्युटर अजून चालतोय, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आधी तक्रारी. पासवर्ड इतका लांब का ठेवलास? सकाळी तो टाइप करेपर्यंत इस्त्री तापते. "बंद करा" हे बटण डावीकडून उजवीकडे गेलंय, माझा हात अजून डावीकडेच जातो. आणि तुझ्या त्या कपड्यांच्या उपमा मला देत जाऊ नकोस. तुला बटण लावता येत नाही.

बाकी मी खूश आहे. चालू व्हायला पूर्वी केर काढून होईपर्यंत वेळ लागायचा, आता झाडू हातात घेतेपर्यंत तयार. धमक्या बंद. नवीन सुधारणा आल्या की एक छोटं चिन्ह दिसतं, मी पासवर्ड देते, ते आपलं काम करतं, मी माझं. दोन वेळा केलं, एकटीनं. नमुन्यांची दुसरी प्रत तू दिलेल्या हार्ड डिस्कच्या डबीत दर शुक्रवारी उतरवते आणि डबी घरी नेते. छपाईवाल्याला दाखवलं, तर तशी डबी कुठं मिळते ते त्यानं लिहून घेतलं.

आणि लांबोडा. त्यानं पहिला कागद बाहेर सोडला तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं नाही, कारण डोळ्यांत पाणी होतं. रेघ तशीच, केसासारखी. मी सवयीनं टेप लावायला गेले तर तू हसलास. "आत्या, कॉम्प्युटर मापात चुकत नाही गं." मी टेप गळ्यात परत टाकला. बरोबर आहे तुझं, सोळा वर्षांत कधी चुकला नाही.

डोळ्यांना नवीन चष्मा लागलाय. शेजारचा चष्मेवाला म्हणतो दोन आठवड्यांत सवय होईल. कोटांचं कापड आलंय, उद्यापासून कापायला घेते. तू दोन दिवस राबलास, त्याबद्दल तुला एक शर्ट शिवून पाठवते. तुझं माप माझ्याकडे गेल्या वर्षीचं आहेच.

आत्या

*

९ मार्च

आत्या,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचून दाखवलं. आमच्याकडे दोनशे माणसं आहेत आणि सुधारणा आल्या की त्यातली निम्मी "नंतर बघू" वर बोट ठेवतात. साहेब म्हणाले, तुमच्या आत्यांना इथं नोकरीला घ्या.

पासवर्ड लांबच राहू दे. हवं तर तुझ्या आवडीच्या चार वस्तूंची नावं एकापुढे एक लिही, लांबही होईल आणि लक्षातही राहील. काय ठेवलास ते मला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस. मी फोन करून विचारला तरी सांगू नकोस, कारण तो मी नसेन.

बायको विचारते आहे, की मॅक न घेता तू इतकी समाधानी कशी. मी म्हटलं, तिचा भाचा कोण आहे ते बघ. ती म्हणाली, "हो, बघतेच आहे रोज."

शर्टाची वाट बघतोय. निळा असेल तर उत्तम.

खटपट्या

*

२४ मार्च

खटपट्या,

शर्ट पाठवतेय. निळाच आहे.

कामाचं बरं चाललंय. या हिवाळ्यात सगळे घरात बसून खात होते की काय कोण जाणे, जो येतो तो कोट घट्ट होतो म्हणतो. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई तर माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "मास्तरबाई, माझं चुकलं, गोड सोडते."

एक विचारायचं होतं. पडद्याकडे बघून बघून नजरेवर परिणाम होतो का? म्हणजे रेघ आहे तिथं न दिसता जराशी बाजूला दिसते, असं काही? सहज विचारतेय.

समोरच्या तयार कपड्यांच्या दुकानवाल्यानं विचारलंय, की त्याच्या दुकानात बसून नुसती आल्टरेशनची कामं कराल का. उंची कमी करा, चेन बदला. नमुने त्याला द्यायचे, कापायचं त्याचा माणूस कापेल. मी अजून काही बोलले नाही.

आत्या

*

३१ मार्च

आत्या,

शर्ट देखणा आहे, पण मी त्यात मावत नाही. कॉलरचं बटण लागत नाही, आणि छातीवरची बटणं लागली तरी श्वास घेतला की बोलायला लागतात. बायको पोट धरून हसली. "आत्यांचं माप चुकत नाही, तुझं चुकलंय," म्हणाली. परवापासून दवाखान्यात लिफ्ट बंद, पाच मजले जिन्यानं.

डोळ्यांचं म्हणशील तर पडद्यानं ते थकतात, पण रेघ सरकत नाही. अक्षरं मोठी करता येतात. सेटिंगमध्ये जा, "दिसणं" असं लिहिलंय तिथं, घसरपट्टी उजवीकडे ओढ. लिनक्समध्ये ही सोय चांगली आहे.

आणि त्या दुकानवाल्याचं मला तरी चांगलं वाटतं. इतकी वर्षं उभ्यानं काम केलंस, आता बसून कर. पाठीलाही आराम. होच म्हण.

खटपट्या

*

६ एप्रिल

खटपट्या,

तुझा सल्ला मानते आहे. पंधरा तारखेला तो येईल, तेव्हा हो म्हणणार आहे. नमुन्यांच्या फायली त्याला कशा द्यायच्या ते नीट लिहून पाठव, एकेक पायरी, नेहमीसारखं.

तुला खरं कारण न सांगता हे मागणं बरोबर नाही, म्हणून सांगते. लोक जाड झालेले नाहीत. माझा हात गेलाय.

वाद्यवृंदाचे चार कोट शिवून झाले. चारही लहान. व्हायोलिनवाला मोठा सज्जन माणूस आहे. त्यानं कोट घातला, हनुवटीखाली व्हायोलिन धरलं, हात वर केला आणि बाही मनगटावरून सरळ वर गेली. तो म्हणाला, "असू दे, वाजवताना माझं लक्ष नसतं." मी म्हटलं, "ऐकणाऱ्यांचं असतं." तो गेल्यावर दार लावून घेतलं आणि सगळं तपासलं. वहीतलं माप आणि कॉम्प्युटरमधलं माप एकच. त्याला परत बोलावून अंगावर माप घेतलं, तेच आलं. कोट मोजला तर कमी. म्हणजे माप घेण्यात चूक नाही, कागदात असायची नाही, कॉम्प्युटर मापात चुकत नाही हे तूच सांगितलंस, मग उरलं काय? कापताना कात्री रेघेच्या आत जाते आणि मला ते दिसत नाही. चष्मेवाल्याकडे दोनदा जाऊन आले. तो शपथेवर सांगतो चष्मा चोख आहे. म्हणजे हातच.

वाईट वाटून घेऊ नकोस. सदतीस वर्षं कापलं, कुणाचं वाकडं नाही कापलं. आल्टरेशनही कामच आहे. उरलेले आठ कोट दुकानवाल्याचा माणूस कापेल, नमुने चांगले आहेत, त्याला जमेल. कॉम्प्युटरचं काम तू सुरेख करून दिलंस, ते वाया जात नाहीये, एवढं समाधान आहे.

आत्या

*

९ एप्रिल

आत्या,

आधी हे वाच आणि मग बाकीचं. तुझा हात ठीक आहे. डोळे ठीक आहेत. दुकानवाल्याला काहीही बोलू नकोस.

फोन करणार होतो. पण फोनवर मी घाईघाईनं काहीतरी बोललो असतो आणि "माझी समजूत काढू नकोस" म्हणून तू ठेवून दिला असतास. म्हणून हे पत्र शर्टासकट कुरिअरनं पाठवतोय. शर्ट पुरावा आहे.

झालं असं. तुझं पत्र वाचलं तेव्हा मी पाच मजले चढून धापा टाकत होतो. दवाखान्यात वजनाच्या काट्यांना तोटा नाही, म्हणून उभा राहिलो. गेल्या वर्षीपेक्षा दोन किलोनं कमी. मग शर्ट का होत नाही? घरी येऊन परत घातला आणि पहिल्यांदाच बाहीकडे बघितलं. बाही आखूड आहे, आत्या. पोट सुटतं, हात लांब होत नाहीत. बायकोनं तिची मोजपट्टी काढली. माझ्या मापाचा तुझ्या हातचा कागद माझ्या पाकिटात असतो, दुसरीकडे शर्ट शिवायची वेळ आली तर म्हणून. (आलेली नाही.) बाही पंचवीस हवी, ती पाऊण इंचानं कमी. खांदा अठरा हवा, तो अर्ध्या इंचानं कमी. लांबी तीस हवी, ती जवळजवळ एक इंचानं. बायको दोन मिनिटं कागदावर आकडे मांडत बसली आणि म्हणाली, "सगळीकडे शंभराला तीन."

हात चुकला असता तर कधी आत गेला असता, कधी बाहेर. कॉलरपासून बाहीपर्यंत प्रत्येक ठिकाणी शंभराला तीनच चुकणारा हात जगात कुणाचा नसतो. तू रेघेवरच कापलंस. रेघच लहान होती.

आणि ती मी लहान केली. लांबोड्याचा नवा दुभाषी कागदाच्या कडेला जुन्यापेक्षा जास्त जागा सोडतो. छापायच्या खिडकीत "कागदात बसवा" असा पर्याय आपोआप निवडलेला होता. तो चित्र थोडं आक्रसून कागदात बसवतो. मी रेघ सरळ आली का, स्वच्छ आली का एवढंच बघितलं. किती लांब आली ते बघितलं नाही. तू टेप काढलास आणि मी हसलो. दवाखान्यात एखाद्यानं असं केलं असतं तर मी त्याला अर्धा तास बोललो असतो.

खात्री करून घे. दहा इंचांची एक रेघ आखून छाप आणि तिला टेप लाव. मग छापायच्या खिडकीत "मूळ आकार" निवड.

मला इतकी लाज वाटतेय की नवीन विंडोजचा कॉम्प्युटर आणि नवा प्लॉटर माझ्याकडून घेऊन देतो. शनिवारी येतो, सगळं बदलून टाकू. आणि "होच म्हण" असं मी लिहिलं होतं, ती ओळ टाचणीवरून काढून टाक.

खटपट्या

*

१४ एप्रिल

खटपट्या,

तुझं पाकीट दहा तारखेला सकाळी आलं. पत्र आधी टाचणीनं टेबलासमोर लावलं. मग रेघ छापली. टेप लावला. पावणेदहा इंचांनाही एक केस कमी. तीनदा लावला, तीनदा तेच. इतकी सुंदर चूक मी कधी बघितली नव्हती.

"मूळ आकार" केलं आणि परत छापली. दहा. पण लांबोड्यानं कोटाच्या पाठीची एक कड छाटून टाकली, कारण तुझ्या त्या दुभाष्याला कडेला जागा सोडायचीच असते. हे तुला माहीत नव्हतं, हो ना? पाठीचा तुकडा उभा होता, तो आडवा ठेवला. बसला. मागे शाळेचे गणवेश आखताना कापड वाचवायला मी हेच करायचे. तुला फोन केला नाही, हे लक्षात घे.

चार कोट वाचले. शिलाईच्या आत मी नेहमी भरपूर माया, म्हणजे जादा कापड, सोडते, ती उसवून कोट बाजूनं सैल केले, बाहीची दुमड खाली सोडली. बाकीचे आठ नव्यानं छापले आणि कापायला घेतले. मुख्याध्यापिकाबाईंना निरोप पाठवला की गोड सुरू करा आणि कोट घेऊन या. त्यांनी उलट निरोप पाठवला की तीन आठवडे उगाच गेले, त्याचं काय. तुझ्या शर्टात मात्र सैल करायला वाव नाही. सूनबाईला होईल, तिला दे. तिनं आकडे मांडले नसते तर तू अजून जिने चढत असतास.

नवीन विंडोज नको, नवा प्लॉटरही नको. तू म्हणतोस सगळं बदलून टाकू. एका खिडकीतला एक पर्याय चुकला म्हणून घर बदलायचं का? मला आता हे लिनक्स हाताला बसलंय. अडलं तेव्हा ते उघडून आत बघता आलं, आणि जिथं चुकलं होतं तिथं मला स्वतःला पोचता आलं. दुसऱ्या कशातही आलं असतं कदाचित, मी भांडत नाही. पण इथं आलं. एक बदल मात्र केलाय. प्रत्येक नमुन्याच्या कडेला मी आता दहा इंचांची रेघ आखते, आणि ती मोजल्याशिवाय कात्री उचलत नाही. यापुढे सुधारणा आल्या की त्या दिवशी पहिला कागद टेप लावून बघायचा. हे तुमच्या दवाखान्यातही सांग. ज्या यंत्रातून माप बाहेर पडतं, त्यांचं तरी बघा.

शनिवारी ये, पण दुरुस्तीला नको. माप द्यायला ये. गेल्या वर्षीचं आता चालणार नाही, पाच मजले चढून दोन किलो घालवलेस.

दुकानवाला उद्या येणार होता, तो आजच आला. मी टेबलावर कापत होते. त्यानं विचारलं, "मग काय ठरलं?" मी म्हटलं, "बसा, हा खांदा होऊ दे." तो बसला, मी खांदा कापला, कॉलर कापली, मग दोन्ही बाह्या कापल्या. बाह्या झाल्यावर तो म्हणाला, "कळलं," आणि उठला. जाताना दाराशी थांबून म्हणाला, त्यालाही एक कोट हवाय, तयार त्याला होत नाहीत.

आता पत्र आवरतं घेते. व्हायोलिनवाला आलाय. कोट घालून आरशासमोर उभा आहे. मी म्हटलं नुसता हात वर करून दाखवू नका, वाजवा. तो म्हणाला, काय वाजवू? म्हटलं ज्यात हात सगळ्यात जास्त हलतो ते. तेव्हापासून वाजवतोय. चष्मेवाला त्याच्या दारात येऊन उभा राहिलाय. मी फक्त मनगटाकडे बघतेय, आणि बाही जागची हललेली नाही.

आत्या